बाहेरून दिलेली परीक्षा : दुर्गाबाई देशमुख

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

• दुर्गाबाई देशमुख यांच्या जीवनाचा क्रम आणि त्यांच्या शिक्षणाची वाटचाल सांगता येईल.
• औपचारिक शाळा सुटल्यानंतर समकक्ष प्रमाणपत्र मिळविण्याचे महत्त्व एका चरित्राच्या आधारे स्पष्ट करता येईल.
• व्यक्तीच्या अनुभवातून सार्वजनिक संस्था कशी उभी राहते, याचे विवेचन करता येईल.
• चरित्रलेखात घटनांची निवड कोणत्या सूत्राने केली जाते, हे ओळखता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, या पुस्तिकेतील मागील घटकांत आपण चरित्र या वाङ्मयप्रकाराचे स्वरूप पाहिले. चरित्रलेखक व्यक्तीच्या आयुष्यातील सर्वच घटना सांगत नाही. तो एक सूत्र धरतो आणि त्या सूत्राला धरून घटनांची निवड करतो, हे आपण तेथे लक्षात घेतले. प्रस्तुत घटकात आपण एका चरित्राचाच परिचय करून घेणार आहोत. स्वातंत्र्यसैनिक, वकील, संविधान सभेच्या सदस्य आणि केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष अशी दुर्गाबाई देशमुख यांची ओळख सर्वसाधारणपणे करून दिली जाते. ती ओळख खरी आहे. परंतु या घटकात आपण धरलेले सूत्र वेगळे आहे. लहानपणी शाळा सोडलेल्या आणि पंचविशीच्या आसपास मॅट्रिकची परीक्षा बाहेरून दिलेल्या एका विद्यार्थिनीचे हे चरित्र आहे.

हे सूत्र निवडण्याचे कारण उघड आहे. मुक्त विद्यापीठाची पुस्तिका हाती घेणाऱ्या वाचकांपैकी अनेकांचे शिक्षण मध्येच खंडित झालेले असते. कोणाचे सातवीनंतर, कोणाचे दहावीच्या उंबरठ्यावर. आपल्या भाषेत या गोष्टीसाठी दोन शब्दप्रयोग आहेत : शाळा सोडणे आणि शाळा सुटणे. पहिल्यात कर्त्याची इच्छा गृहीत धरलेली असते. दुसऱ्यात ती नसते. बोलताना माणसे बहुधा दुसरा प्रयोग करतात : वडील गेले आणि शाळा सुटली, लग्न झाले आणि शाळा सुटली. कागदावर मात्र सर्वांना एकच दाखला मिळतो आणि त्याचे नाव शाळा सोडल्याचा दाखला असेच असते. सुटलेल्या शाळेची जबाबदारी तो कागद नकळत विद्यार्थ्यावरच टाकतो. दुर्गाबाईंच्या बाबतीत मात्र सोडणे हेच क्रियापद योग्य आहे. त्यांनी शाळा जाणीवपूर्वक सोडली होती. त्यामुळेच पुढे त्याच दाराशी परत जाण्याचा त्यांचा निर्णय अधिक अभ्यासनीय ठरतो.

२. बालपण आणि शाळेचा त्याग

दुर्गाबाईंचा जन्म १५ जुलै १९०९ रोजी आजच्या आंध्र प्रदेशातील राजमहेंद्री येथे झाला. हा प्रदेश तेव्हा मद्रास प्रांतात मोडत असे. वडिलांचे नाव रामाराव आणि आईचे नाव कृष्णवेणम्मा. वडिलांना समाजसेवेची ओढ होती. आई पुढे राष्ट्रीय चळवळीत उतरली. घरातील वातावरण तेलुगू संस्कारांचे आणि सार्वजनिक कार्याला अनुकूल असे होते. तरीही त्या काळाच्या रूढीनुसार वयाच्या आठव्या वर्षी दुर्गाबाईंचा विवाह लावून देण्यात आला. वयात आल्यानंतर त्यांनी हे नाते स्वीकारण्यास नकार दिला आणि या निर्णयात वडील व भाऊ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. विसाव्या शतकाच्या त्या दशकांत असा पाठिंबा ही किती दुर्मीळ गोष्ट होती, याची कल्पना महाराष्ट्रातील समकालीन स्त्रियांची आत्मचरित्रे वाचलेल्या वाचकांना सहज येईल.

शाळा सोडण्याचा प्रसंग वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमाराचा आहे. शिक्षणाचे माध्यम म्हणून इंग्रजी लादली जात होती. असहकाराचे वारे देशभर वाहत होते. मुलांनी सरकारी शाळांवर बहिष्कार घालावा, असे आवाहन होते. मातृभाषा बाजूला सारून इंग्रजीतून शिकवणाऱ्या शाळेत आपण जाणार नाही, असे या मुलीने ठरविले आणि ती घरी बसली. परंतु घरी बसणे हा शब्दप्रयोगही येथे फारसा खरा नाही. त्यांनी हिंदीचे शिक्षण घेतले आणि लगेच मुलींसाठी व स्त्रियांसाठी एक हिंदी पाठशाळा सुरू केली. स्वतः विद्यार्थिनी असण्याच्या वयात त्या शिक्षिका झाल्या.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्यांनी शिक्षण नाकारले नव्हते. शिक्षणाची एक विशिष्ट व्यवस्था नाकारली होती. शाळेबाहेर राहिलेला माणूस अशिक्षित असतो, या समजुतीला त्यांचे बालपण हे पहिले उत्तर आहे.

३. शाळेबाहेरचे शिक्षण

शाळेबाहेरच्या या वर्षांत दुर्गाबाई काय शिकल्या, हे दोन प्रसंगांवरून पाहता येते.

पहिला प्रसंग १९२१ चा. महात्मा गांधी काकीनाडा येथे येणार होते. देवदासी स्त्रिया आणि पडद्यात राहणाऱ्या मुस्लिम स्त्रिया यांची गांधीजींशी स्वतंत्र भेट व्हावी, असा दुर्गाबाईंचा आग्रह होता. स्थानिक संयोजकांनी त्यासाठी पाच हजार रुपयांच्या निधीची अट घातली. तो निधी त्या स्त्रियांनीच उभा केला. सभा झाली, स्त्रियांनी अंगावरचे दागिने चळवळीसाठी दिले आणि गांधीजींच्या हिंदी भाषणाचा तेलुगू अनुवाद या बारा वर्षांच्या मुलीने केला. समाजाने ज्यांना दोन वेगवेगळ्या कारणांनी दृष्टीआड ठेवले होते, त्या स्त्रियांसाठी जागा मागणे, पैसा उभा करणे, भाषण दुसऱ्या भाषेत नेणे, या सर्व गोष्टी कोणत्याही इयत्तेच्या अभ्यासक्रमात नव्हत्या.

दुसरा प्रसंग १९२३ चा. काँग्रेसचे वार्षिक अधिवेशन काकीनाडा येथे भरले होते. त्याबरोबर भरलेल्या खादी प्रदर्शनाच्या दारावर स्वयंसेविका म्हणून दुर्गाबाई उभ्या होत्या. तिकिटाशिवाय कोणालाही आत सोडू नये, ही त्यांना दिलेली सूचना. जवाहरलाल नेहरू आले, त्यांच्याकडे तिकीट नव्हते, आणि दुर्गाबाईंनी त्यांना अडविले. संयोजकांची धावपळ झाली, तिकीट काढले गेले, आणि मगच नेहरूंना प्रवेश मिळाला. नेहरूंनी या मुलीच्या कर्तव्यनिष्ठेचे कौतुक केले. हा प्रसंग गंमत म्हणून नेहमी सांगितला जातो. आपल्या सूत्राच्या दृष्टीने त्यात आणखी एक अर्थ आहे. दारावर उभ्या असलेल्या व्यक्तीला माणसाचे मोठेपण नव्हे, तर हातातील कागद पाहावा लागतो, हे दुर्गाबाईंना चौदाव्या वर्षी ठाऊक होते. पुढे दहा-बारा वर्षांनी त्या स्वतः अशाच एका दाराबाहेर उभ्या राहणार होत्या.

४. तुरुंग आणि कायद्याची ओढ

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. मद्रासमधील सत्याग्रहात दुर्गाबाईंनी पुढाकार घेतला आणि त्यांना अटक झाली. १९३० ते १९३३ या काळात त्यांना तीन वेळा कारावास भोगावा लागला. वेल्लोर आणि मदुराई येथील तुरुंगांत त्या होत्या. मदुराईला त्यांना एकांतकोठडीत ठेवण्यात आले आणि त्याचा परिणाम त्यांच्या प्रकृतीवर झाला.

तुरुंगात त्यांची गाठ राजकीय कैद्यांपेक्षा वेगळ्या स्त्रियांशी पडली. गंभीर गुन्ह्यांसाठी दीर्घ शिक्षा भोगणाऱ्या, खेड्यापाड्यांतून आलेल्या, निरक्षर स्त्रिया. त्यांच्यापैकी अनेकींना आपल्यावर नेमका कोणता आरोप आहे, आपण कोणत्या कबुलीवर अंगठा उठविला आहे, आपल्याला बचावाचा काही अधिकार आहे किंवा नाही, याची कल्पनाच नव्हती. न्यायालयातील भाषा त्यांची नव्हती आणि कागदावरील अक्षर त्यांच्यासाठी मुके होते.

भाषेच्या अभ्यासकांनी या प्रसंगापाशी थोडे थांबले पाहिजे. बाराव्या वर्षी दुर्गाबाईंनी परक्या भाषेतील शाळा सोडली, तेव्हा भाषेचा प्रश्न त्यांच्यासाठी स्वाभिमानाचा होता. तुरुंगात तोच प्रश्न जगण्या-मरण्याचा झालेला त्यांनी पाहिला. परक्या भाषेत चालणाऱ्या व्यवस्थेपुढे निरक्षर स्त्री पूर्णपणे असहाय असते. त्या व्यवस्थेकडे पाठ फिरवून या स्त्रियांना काही मिळणार नव्हते. तिच्या आत जाऊन, तिची भाषा शिकून, त्यांच्या वतीने बोलणारे कोणीतरी हवे होते. आपण कायद्याचे शिक्षण घ्यावे, हा विचार दुर्गाबाईंच्या मनात येथे रुजला.

५. मॅट्रिकची परीक्षा

आता अडचण पाहा. दुर्गाबाई तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांच्या होत्या. त्यांनी पाठशाळा चालविली होती, मोठ्या सभांत भाषांतर केले होते, सत्याग्रहाचे नेतृत्व केले होते, तीन वेळा तुरुंगवास सोसला होता. परंतु वकील होण्यासाठी कायद्याची पदवी हवी. त्या अभ्यासक्रमासाठी आधी बी. ए. हवे, बी. ए. साठी इंटरमिजिएट हवे. आणि इंटरमिजिएटसाठी मॅट्रिक हवे. या साखळीची पहिली कडीच त्यांच्याकडे नव्हती. इतक्या अनुभवांपैकी एकही गोष्ट मॅट्रिकच्या प्रमाणपत्राऐवजी चालणारी नव्हती.

पुन्हा लहान मुलींच्या वर्गात जाऊन बसणे शक्य नव्हते. उपलब्ध असलेला मार्ग म्हणजे बनारस हिंदू विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा. ही परीक्षा शाळेत नियमित न गेलेल्यांनाही खासगीरीत्या देता येत असे. दुर्गाबाईंनी शिक्षकांच्या मदतीने घरी अभ्यास सुरू केला. शाळेतील मुले जे विषय पाच-सहा वर्षांत क्रमाक्रमाने शिकतात, ते त्यांना थोड्या काळात पुरे करायचे होते. ज्या इंग्रजीसाठी शाळा सोडली, ती इंग्रजीही त्यांनी अभ्यासली. त्या मॅट्रिक उत्तीर्ण झाल्या आणि पाठोपाठ इंटरमिजिएटही.

ज्यांनी स्वतः प्रौढ वयात परीक्षा दिली आहे, त्यांना या दोन ओळींमागील कष्ट समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. संपर्कसत्रांत मी हे अनेकदा पाहिले आहे. चाळिशीतील विद्यार्थिनीला कठीण वाटतो तो पाठ्यक्रम नव्हे. कठीण वाटते ते पहिल्या दिवशी बाकावर बसणे. जगण्यात जी घरात व गावात सल्ला देणारी असते, ती परीक्षा केंद्रावर आपले ओळखपत्र दाखवून शेवटच्या रांगेत बसते. या अवघडलेपणातून दुर्गाबाईंसारखी स्त्रीही गेली होती, ही जाणीव उपयोगाची आहे. ज्ञान आणि प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कळत होते. तरीही प्रमाणपत्राला त्यांनी तुच्छ मानले नाही. जे काम करायचे होते, त्याच्या वाटेवर ते दार होते, आणि ते दार त्यांनी रीतसर उघडले.

६. विद्यापीठ ते न्यायालय

पुढील शिक्षणासाठी त्या वॉल्टेअर येथील आंध्र विद्यापीठाकडे वळल्या. राज्यशास्त्र हा त्यांचा विषय. प्रवेशाच्या वेळी आणखी एक अडथळा आला : विद्यार्थिनींसाठी वसतिगृहाची सोय नव्हती. दुर्गाबाईंनी वृत्तपत्रांतून आवाहन केले, वसतिगृह नाही म्हणून शिक्षण अडलेल्या इतर मुली एकत्र केल्या आणि वसतिगृहाची व्यवस्था स्वतःच उभी केली. त्यानंतर प्रवेश मिळाला.

हा प्रसंग त्यांच्या कार्यपद्धतीची खूण म्हणून लक्षात ठेवा. स्वतःपुढे आलेली अडचण ही केवळ स्वतःची नसते. त्याच अडचणीपाशी थांबलेली आणखी माणसे असतात, हे त्या गृहीत धरतात. अडचण सोडविताना त्या इतरांसाठीही वाट करून ठेवतात. आंध्र विद्यापीठातून त्यांनी बी. ए. आणि एम. ए. या पदव्या घेतल्या. मद्रास येथे कायद्याचा अभ्यास पूर्ण करून १९४२ मध्ये त्यांनी वकिलीस प्रारंभ केला. बाराव्या वर्षी शाळा सोडलेली मुलगी तेहेतिसाव्या वर्षी न्यायालयात उभी राहिली.

७. आंध्र महिला सभा

दुर्गाबाई स्वतः शिकत होत्या, त्याच काळात मद्रासमधील तेलुगू भाषक मुलींना त्या बनारसच्या मॅट्रिक परीक्षेसाठी तयार करीत होत्या. ज्या मुलींची शाळा लवकर सुटली होती किंवा ज्यांना शाळेत पाठवलेच गेले नव्हते, त्यांच्यासाठी ही परीक्षा म्हणजे शिक्षणात परत येण्याची वाट होती. ती वाट दुर्गाबाईंनी नुकतीच चालून पाहिली होती. शेजारपाजारच्या मुलींच्या एका लहानशा मंडळातून हे वर्ग वाढत गेले आणि १९३७ मध्ये आंध्र महिला सभा ही संस्था स्थापन झाली. परीक्षेच्या तयारीबरोबर हस्तव्यवसाय आणि वसतिगृह अशी कामे तिने हाती घेतली. पुढे रुग्णालये, परिचारिकांचे प्रशिक्षण, महाविद्यालये आणि साक्षरताकार्य असा तिचा विस्तार मद्रास व हैदराबाद येथे झाला.

मराठी वाचकाला येथे पुण्यातील सेवासदनाची आठवण होईल. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये, म्हणजे दुर्गाबाईंच्या जन्मवर्षीच, पुणे सेवासदन सुरू झाले आणि प्रौढ स्त्रियांना शिकवून शिक्षिका व परिचारिका म्हणून उभे करण्याचे काम त्याने केले. दोन्ही संस्थांमागे एकच ओळख होती. लहान मुलीसाठी शाळा काढणे पुरेसे नसते. जिचे शाळेचे वय उलटून गेले आहे, तिच्यासाठी वेगळी रचना करावी लागते.

८. संविधान सभेत : भाषेचा प्रश्न पुन्हा

१९४६ मध्ये दुर्गाबाई मद्रास प्रांतातून संविधान सभेवर निवडून गेल्या. सभेचे कामकाज चालविणाऱ्या अध्यक्ष-मंडळावर असलेल्या त्या एकमेव स्त्री सदस्य होत्या. न्यायव्यवस्थेचे स्वातंत्र्य, स्त्रियांचे मालमत्तेतील अधिकार अशा विषयांवर त्यांनी मते मांडली. राज्यसभेच्या सदस्यत्वासाठी किमान वय पस्तीसऐवजी तीस असावे, ही सूचनाही त्यांचीच.

भाषाविषयक चर्चेतील त्यांची भूमिका आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. लहानपणापासून हिंदीचा प्रचार केलेल्या दुर्गाबाईंनी राष्ट्रीय व्यवहारासाठी हिंदुस्थानीचा पुरस्कार केला. त्याच वेळी हिंदीच्या आक्रमक प्रचारामुळे अहिंदी भाषक प्रदेशांत अस्वस्थता निर्माण होत आहे, हेही त्यांनी स्पष्टपणे सांगितले आणि तत्काळ बदल न करता पंधरा वर्षांचा अवधी असावा, असे मत मांडले. ज्या मुलीने एक भाषा लादली जाते म्हणून शाळा सोडली, तिने स्वतःच्या आवडीची भाषाही इतरांवर लादली जाऊ नये, अशी दक्षता घेतली. भाषा शिकविणे आणि भाषा लादणे यांतील फरक त्यांनी आयुष्यभर पाळला.

९. चिंतामणराव देशमुखांशी विवाह

महाराष्ट्राशी दुर्गाबाईंचे नाते जोडले गेले ते १९५३ मध्ये. २२ जानेवारी रोजी भारताचे तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्याशी त्यांचा विवाह झाला. जवाहरलाल नेहरू या विवाहाचे साक्षीदार होते. चिंतामणराव मूळचे महाडजवळच्या नाते गावचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. कालिदासाच्या मेघदूताचा मराठीत पद्यानुवाद करणारे रसिक. आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा देणारे मंत्री, म्हणून आपल्याला परिचित आहेत.

शिक्षणाच्या दृष्टीने या दांपत्याकडे पाहिले तर एक विलक्षण अंतर दिसते. चिंतामणराव १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिले आले होते आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली होती. पुढे आय. सी. एस. परीक्षेतही ते पहिले आले. दुर्गाबाईंनी तीच मॅट्रिकची पायरी बाहेरून, उशिरा, खासगी अभ्यासाने ओलांडली होती. एक व्यक्ती परीक्षापद्धतीच्या अग्रभागी वाढलेली, दुसरी तिच्या कडेने आत आलेली. दोघेही सार्वजनिक जीवनात समान उंचीवर भेटले. १९६२ मध्ये चिंतामणराव दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्याच वर्षी त्या विद्यापीठात पत्रद्वारा शिक्षणाचा अभ्यासक्रम सुरू झाला. आज आपण ज्याला दूरशिक्षण म्हणतो, त्याच्या भारतातील आरंभापैकी तो एक आहे.

१०. संक्षिप्त अभ्यासक्रम : अनुभवाची योजना होते

१९५२ नंतर दुर्गाबाई नियोजन आयोगाच्या सदस्य झाल्या. ऑगस्ट १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि त्या त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. ग्रामीण भागात स्त्रिया व मुले यांच्यासाठी कल्याणकेंद्रे उघडण्याचे काम मंडळाने हाती घेतले. त्यासाठी ग्रामसेविका, परिचारिका, सुईणी आणि शिक्षिका हव्या होत्या. खेड्यात राहून काम करू शकतील अशा स्त्रिया खेड्यातच होत्या. परंतु प्रशिक्षणाला प्रवेश मिळण्यासाठी आठवी किंवा मॅट्रिक ही किमान पात्रता आवश्यक होती आणि ती त्यांच्यापाशी नव्हती. चौथी-पाचवीत शाळा सुटलेल्या, विधवा, परित्यक्ता, कमाईची गरज असलेल्या असंख्य स्त्रिया एका कागदाअभावी बाहेर होत्या. जागा रिकाम्या होत्या आणि माणसे बेकार होती.

या कोंडीवर दोन उपाय संभवतात. एक, पात्रतेची अट शिथिल करणे. दुसरा, त्या स्त्रियांना पात्रतेपर्यंत नेणे. पहिला उपाय सोपा असतो. पण त्याने अर्ध्या प्रशिक्षणाच्या, कमी वेतनाच्या कामगार स्त्रिया निर्माण होण्याची भीती असते. दुर्गाबाईंच्या नेतृत्वाखाली मंडळाने दुसरा मार्ग धरला. १९५८ मध्ये प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रमांची योजना सुरू झाली. थोडेफार शिक्षण झालेल्या प्रौढ स्त्रियांना दोन वर्षांच्या सलग अभ्यासाने आठवीच्या किंवा मॅट्रिकच्या परीक्षेला बसविणे, असे तिचे स्वरूप होते. स्वयंसेवी संस्थांना अनुदान देऊन हे वर्ग चालविले गेले. प्रौढ व्यक्तीला मुलांप्रमाणे प्रत्येक इयत्तेत एक वर्ष घालविण्याची गरज नसते. तिची समज वाढलेली असते आणि हेतू स्पष्ट असतो, हे या योजनेमागील शैक्षणिक तत्त्व होते. बनारसच्या परीक्षेसाठी घरी बसून अभ्यास करणाऱ्या तरुणीचा अनुभव येथे शासकीय योजनेच्या रूपात देशभर पोचला.

त्याच सुमारास राष्ट्रीय स्त्रीशिक्षण समितीचे अध्यक्षपद दुर्गाबाईंकडे आले. या समितीने १९५९ मध्ये अहवाल सादर केला. मुलांच्या व मुलींच्या शिक्षणातील अंतर नाहीसे होईपर्यंत स्त्रीशिक्षणाकडे एक विशेष प्रश्न म्हणून पाहावे आणि त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा असावी, असा त्या समितीच्या शिफारशींचा रोख होता.

कौटुंबिक वादांसाठी स्वतंत्र न्यायालये असावीत, हा विचारही त्यांनी चीनच्या भेटीनंतर मांडला आणि त्याबाबत न्यायमूर्ती छागला, न्यायमूर्ती गजेंद्रगडकर व पंतप्रधान नेहरू यांच्याशी चर्चा केली. कुटुंब न्यायालयांचा कायदा प्रत्यक्षात १९८४ मध्ये झाला. तेव्हा त्या हयात नव्हत्या. १९७५ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला होता. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी चिंतामणरावही गेले.

११. समारोप

मित्रहो, दुर्गाबाईंच्या हयातीतच, १९७९ मध्ये, केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मुक्त शाळेचा प्रकल्प सुरू केला होता. १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली आणि बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी अभ्यासक्रमाची वाट तयार झाली. महाराष्ट्रात खासगीरीत्या दहावी-बारावीला बसणारे विद्यार्थी सतरा नंबरचा फॉर्म भरतात, हे तुमच्यापैकी अनेकांना अनुभवाने माहीत असेल. आपण बोलताना म्हणतो, दहावी बाहेरून दिली. या बाहेरून शब्दात काही वेळा संकोच असतो, जणू ती परीक्षा थोडी कमी प्रतीची. प्रश्नपत्रिका मात्र तीच असते, तपासणीही तीच, आणि अभ्यास बहुधा दिवसभराचे काम आटोपल्यानंतरचा असतो.

हे चरित्र वाचून प्रत्येकाने संविधान सभेत जावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. दुर्गाबाईंना अनुकूल असे घर होते, शिक्षकांची मदत होती आणि चळवळीने दिलेला परिचय होता, हेही विसरून चालणार नाही. ज्यांच्यापाशी यांपैकी काही नसते, त्यांच्यासाठी वर्ग, वसतिगृह आणि अनुदान लागते, आणि म्हणूनच त्यांनी संस्था उभ्या केल्या. या चरित्राचे मोल या ठिकाणी आहे. स्वतः मॅट्रिक झाल्यानंतर त्यांनी त्या दाराची आठवण पुसून टाकली नाही. आपल्यामागे कोण उभे आहे, हे त्यांनी वळून पाहिले. तुम्ही आज हा घटक वाचत असाल, तर तुमच्या घरात, शेजारी किंवा कामाच्या ठिकाणी असे कोणीतरी निश्चित आहे, ज्याची शाळा सुटली आहे आणि ज्याला फॉर्म कोठे मिळतो एवढेच सांगणारा माणूस भेटलेला नाही.

सारांश

दुर्गाबाई देशमुख यांनी इंग्रजी माध्यमाच्या सक्तीविरोधात लहानपणी शाळा सोडली आणि मुलींसाठी हिंदी पाठशाळा चालविली. तुरुंगातील निरक्षर स्त्रियांच्या दर्शनातून त्यांना कायद्याच्या शिक्षणाची आवश्यकता जाणवली. बनारस हिंदू विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा खासगीरीत्या देऊन त्या शिक्षणाच्या प्रवाहात परतल्या व १९४२ मध्ये वकील झाल्या. हाच अनुभव १९३७ मध्ये आंध्र महिला सभेच्या आणि १९५८ मध्ये प्रौढ स्त्रियांसाठीच्या संक्षिप्त अभ्यासक्रमांच्या रूपाने संस्थात्मक झाला.

शब्दार्थ

समकक्ष : समान दर्जाचे, त्याच पातळीचे मानले जाणारे.
संक्षिप्त अभ्यासक्रम : अनेक इयत्तांचा अभ्यास कमी कालावधीत पूर्ण करून घेणारी रचना.
खासगी परीक्षार्थी : शाळेत नियमित प्रवेश न घेता परीक्षेस बसणारी व्यक्ती.
परित्यक्ता : पतीने टाकलेली स्त्री.

स्वाध्याय

१. दुर्गाबाईंच्या आयुष्यात भाषेचा प्रश्न कोणत्या तीन टप्प्यांवर उभा राहिला? प्रत्येक वेळी त्याचे स्वरूप कसे बदलले, ते लिहा.
२. पात्रतेची अट शिथिल करणे आणि पात्रतेपर्यंत नेणे, या दोन उपायांतील फरक संक्षिप्त अभ्यासक्रमाच्या आधारे स्पष्ट करा.
३. प्रस्तुत चरित्रलेखासाठी निवडलेले सूत्र कोणते? त्या सूत्रामुळे कोणत्या घटना विस्ताराने आल्या आणि कोणत्या ओझरत्या राहिल्या?
४. शाळा सोडणे, शाळा सुटणे आणि शाळा बुडणे या शब्दप्रयोगांतील अर्थभेद उदाहरणांसह सांगा.

उपक्रम

तुमच्या परिसरातील, प्रौढ वयात दहावी किंवा बारावीची परीक्षा बाहेरून दिलेल्या एका व्यक्तीशी बोला. तिची संमती घेऊन, नाव न देता, सुमारे ३०० शब्दांचा चरित्रलेख लिहा. लिहिण्यापूर्वी तुमचे सूत्र एका वाक्यात नोंदवा.